तोल मोजणारा डॉक्टर : रॉबर्ट बारानी

मंडळी, दिवाळीत घरी मुलींनी फुगडी घातली की एक गोष्ट हमखास दिसते. फुगडी थांबते, हात सुटतात, पण मुली काही सरळ उभ्या राहत नाहीत. एक सोफ्याचा आधार घेते, दुसरी खाली बसून हसत सुटते. पाय थांबले तरी घर फिरतच राहते. हे असे का होते, याचे उत्तर पायात नाही, पोटात नाही आणि खरे तर डोळ्यांतही नाही. ते आहे कानामागच्या एका हाडात. आणि त्या हाडात दडलेली ही यंत्रणा तपासायची कशी, हे जगाला ज्यांनी शिकवले त्या डॉ. रॉबर्ट बारानी यांची ही गोष्ट. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा ते युद्धकैद्यांच्या छावणीत होते!

पण आधी त्या हाडाची ओळख करून घेऊ, म्हणजे पुढचे सोपे जाईल.

दगडात कोरलेला चक्रव्यूह

कवटीच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या जागी, एकेक हाड असते. त्याला शंखास्थी म्हणतात. डॉक्टर मंडळी टेंपोरल बोन म्हणतात. कानाच्या वरचा त्याचा भाग पातळ, शिंपल्यासारखा असतो. कानाच्या पाळीमागे बोट लावले की जो उंचवटा लागतो, तो याच हाडाचा. आतून हा उंचवटा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोकळ्यांनी भरलेला असतो. आणि कवटीच्या आत, तळाशी, या हाडाचा तिसरा भाग तिरका शिरलेला असतो. तो इतका टणक की त्याचे लॅटिन नावच मुळी दगडावरून पडले आहे. शरीरातल्या सर्वांत घट्ट हाडांत त्याची गणना होते. हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यातून डीएनए मिळवायचा असेल तर संशोधक आज आधी हाच भाग शोधतात, कारण बाकीची हाडे झिजली तरी याच्या आत काहीतरी टिकून राहण्याची शक्यता जास्त.

या दगडी पेटीत निसर्गाने काय काय ठेवले आहे पाहा. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे मध्यकर्णात असतात. त्यातली रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची. त्यांच्या पलीकडे गोगलगाईच्या कवचासारखा अडीच वेढ्यांचा ऐकण्याचा अवयव. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस याच हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाते आणि मेंदूला रक्त पुरवणारी मोठी रोहिणीही याच्यातूनच वळण घेते. आणि ऐकण्याच्या अवयवाला लागूनच असतात तीन अर्धवर्तुळाकार नलिका. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशा एकमेकींना काटकोनात मिळतात, साधारण तशा या तिन्ही एकमेकींना काटकोनात असतात. त्यांच्यात द्रव भरलेला असतो. डोके वळले की हाड वळते, पण द्रव किंचित मागे राहतो, आणि नलिकेच्या फुगीर टोकाशी असलेला एक लवचिक पडदा वाकतो. त्या वाकण्यावरून मेंदूला कळते की डोके कोणत्या दिशेला वळले.

फुगडीचे कोडे इथेच सुटते. मुली थांबतात, हाड थांबते, पण आतला द्रव पुढे सरकू पाहतो आणि वाकलेला पडदा पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ मेंदूला वाटते की आपण अजून फिरतोच आहोत.

एकोणिसाव्या शतकात हे हळूहळू उलगडत गेले. फ्रान्समध्ये फ्लुराँस यांनी कबुतरांच्या या नलिका कापून पाहिल्या, तेव्हा कबुतरे विचित्रपणे गोल फिरू लागली. १८६१ साली मेनिएर यांनी सांगितले की चक्कर आतल्या कानाच्या बिघाडानेही येऊ शकते. पुढे माख आणि ब्रॉयर यांनी द्रवाच्या हालचालीचे तत्त्व मांडले. तत्त्व मिळाले, पण अडचण वेगळीच होती. जिवंत माणसाच्या हाडात, दगडाआड बसलेल्या या नलिका काम करत आहेत की नाहीत हे कळणार कसे? आणि उजवीकडच्या बिघडल्या आहेत की डावीकडच्या?

हा प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता, बरं का. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. कान फुटणे, पू येणे हे घरोघरचे दुखणे होते. हा पू कधी कधी हाड पोखरत आतल्या कानात आणि तिथून मेंदूपर्यंत पोचे आणि रोगी दगावे. शस्त्रक्रिया कधी करायची, किती खोल जायचे, हे ठरवायला आतला कान जिवंत आहे की मेला हे कळणे फार गरजेचे होते.

ताठ गुडघ्याचा मुलगा

रॉबर्ट बारानी यांचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजी व्हिएन्ना शहरात झाला. वडील हंगेरीतल्या ज्यू कुटुंबातले, जमीनदारी इस्टेटीचे व्यवस्थापक. आई प्रागमधल्या एका विद्वानाची मुलगी. घरात सहा भावंडे, त्यांत रॉबर्ट सर्वांत थोरला. लहानपणी त्याला हाडांचा क्षय झाला. त्यातून तो वाचला, पण एक गुडघा कायमचा ताठ झाला. याच आजारपणामुळे त्याला वैद्यकशास्त्राची ओढ लागली असे म्हणतात. गुडघा वळत नसला तरी पुढे आयुष्यभर ते टेनिस खेळले आणि डोंगरात भटकले.

१९०० साली व्हिएन्ना विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. मग त्या काळच्या रिवाजाप्रमाणे जर्मनीत अनुभव घेतला. मेंदू आणि मनाच्या आजारांचाही अभ्यास केला. व्हिएन्नाला परतल्यावर काही दिवस शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतले आणि १९०३ साली प्रा. अ‍ॅडाम पोलिट्झर यांच्या कानाच्या विभागात रुजू झाले. कानाच्या आजारांसाठी जगभरातून डॉक्टर जिथे शिकायला येत, ती ही जागा. स्वतः पोलिट्झर मृतांच्या शंखास्थी सोलून, कापून, त्यांचे नमुने तयार करण्यात अत्यंत निष्णात. थोडक्यात, या हाडाची खडान्‌खडा माहिती असलेल्या घरात बारानी येऊन पडले होते.

रोग्याची तक्रार आणि पाण्याचा बंब

तरुण डॉक्टरच्या वाट्याला जे काम येते तेच त्यांच्या वाट्याला आले : रोग्यांचे कान पिचकारीने धुणे. रोजचे, कंटाळवाणे काम. कान धुताना काही रोग्यांना गरगरल्यासारखे होई. असे होते हे आधीच्या डॉक्टरांनाही ठाऊक होते. बारानींनी मात्र अशा वेळी रोग्याच्या डोळ्यांकडे पाहायला सुरुवात केली. डोळे एका बाजूला हळू सरकत आणि मग झटक्याने परत येत. पुन्हा सरकत, पुन्हा झटका. याला निस्टॅगमस म्हणतात. कोणाला हे होते, कोणाला नाही, याची ते टिपणे ठेवू लागले, पण त्यातून अर्थ लागेना.

मग एक दिवस एका रोग्याने कुरकुर केली की, डॉक्टर, पाणी पुरेसे कोमट नसले तरच मला चक्कर येते, घरी कोमट पाण्याने कान धुतो तेव्हा काहीच होत नाही. बारानींनी नर्सला जास्त गरम पाणी आणायला सांगितले. ते जरा जास्तच गरम निघाले! रोग्याला पुन्हा चक्कर आली. एखाद्याने पाण्यावरून नर्सला दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपवला असता. बारानींनी डोळ्यांकडे पाहिले. आणि त्यांच्या लक्षात आले की झटके आता उलट दिशेने बसत आहेत.

थंड पाण्याने एका दिशेला, गरम पाण्याने विरुद्ध दिशेला, आणि शरीराइतक्याच कोमट पाण्याने काहीच नाही. म्हणजे कारण पाण्याचा दाब नव्हे, तापमान. पण तापमानाचा आणि तोलाचा संबंध काय?

इथे त्यांना आठवला लहानपणीचा पाणी तापवायचा बंब. आपल्यापैकी ज्यांनी गावाकडचा तांब्याचा बंब पाहिला आहे त्यांना हे लगेच पटेल. विस्तव खाली असतो, पण हात भाजतो तो वरच्या पाण्याने. खालचे पाणी मात्र थंडच लागते. लहानग्या रॉबर्टला याचे नवल वाटले होते. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी जड होऊन खाली बसते, हे त्याचे कारण. आता मोठेपणी डॉक्टर बारानींना वाटले, कानातली नलिका हा असाच एक चिमुकला बंब नसेल ना? बाहेरून थंड पाणी घातले की नलिकेची जवळची बाजू गार होते, तिथला द्रव जड होऊन खाली सरकतो, पडदा वाकतो आणि डोके स्थिर असूनही मेंदूला वाटते की ते फिरते आहे.

कल्पना सुंदर होती, पण ती खरी आहे हे सिद्ध कसे करायचे? युक्ती साधी होती. बंब उलटा केला तर प्रवाहही उलटा व्हायला हवा. त्यांनी रोग्याच्या डोक्याची स्थिती बदलून, वरची बाजू खाली आणून पाहिले. पाणी तेच, तापमान तेच, पण डोळ्यांचे झटके उलट दिशेला गेले!

१९०६ साली त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले. आता दगडाआडचा अवयव तपासायला हाड फोडायची गरज उरली नाही. पिचकारीभर पाणी आणि डोळ्यांवर बारीक नजर, एवढ्याने एकेका कानाची स्वतंत्र परीक्षा होऊ लागली. थंड पाण्याने डोळे हलले तर आतला कान जिवंत. काहीच हालचाल नाही तर तो निकामी. शस्त्रक्रिया करणाऱ्यांना हवे असलेले उत्तर मिळाले. साध्या पाण्यात मिळाले.

बारानी तिथेच थांबले नाहीत. फिरत्या खुर्चीची चाचणी त्यांनी पद्धतशीर केली : वीस सेकंदांत दहा फेरे, मग खुर्ची थांबवायची आणि डोळे पाहायचे. ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली आणि पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात शिरली. ढगात शिरल्यावर आपल्या अंदाजावर विसंबू नये, हे त्या खुर्चीत बसवून शिकवतात. डोळे मिटून बोटाने ठरावीक जागी बोट लावायला सांगायचे आणि ते किती चुकते ते पाहायचे, ही मेंदूच्या मागच्या भागाची, म्हणजे लहान मेंदूची चाचणीही त्यांचीच. एका कानाची श्रवणचाचणी घेताना दुसऱ्या कानाला गुंतवून ठेवणारे, खडखडाट करणारे छोटे यंत्रही त्यांनी तयार केले. १९०९ साली त्यांना विद्यापीठात शिकवण्याची मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचा इडा बेर्गर यांच्याशी विवाह झाला.

छावणीत आलेली बातमी

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. बारानी ऑस्ट्रियाच्या सैन्याबरोबर नागरी शल्यचिकित्सक म्हणून गेले आणि प्शेमिश्लच्या किल्ल्यात, आजच्या पोलंडमध्ये, नेमले गेले. तिथे डोक्यात गोळी लागलेले सैनिक येत. त्यांच्या जखमा कशा बंद कराव्यात यावर त्यांनी काम केले आणि मेंदूच्या कोणत्या भागाला इजा झाली की तोल कसा बिघडतो याची निरीक्षणेही नोंदवली. रशियन सैन्याने किल्ल्याला वेढा घातला होता. महिनोन्‌महिने तो टिकला आणि अखेर २२ मार्च १९१५ रोजी पडला. एक लाखाहून अधिक माणसे कैद झाली. त्यांतलेच एक बारानी.

त्यांची रवानगी झाली मध्य आशियातल्या मर्व्ह येथे. हे गाव आज तुर्कमेनिस्तानात आहे. कुठे व्हिएन्नाचे विद्यापीठ आणि कुठे वाळवंटाच्या कडेची छावणी! त्यात त्यांना मलेरियाही झाला. पण डॉक्टर कैदेत गेला तरी त्याचे काम संपत नाही. ते सोबतच्या कैद्यांवर उपचार करत आणि स्थानिक रशियन लोकांवरही. कानाचा तज्ज्ञ आला आहे म्हटल्यावर गावातली प्रतिष्ठित मंडळीही त्यांच्याकडे येऊ लागली.

आणि या छावणीत १९१५ च्या अखेरीस बातमी येऊन थडकली. राखून ठेवलेले १९१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक डॉ. रॉबर्ट बारानी यांना, तोलाच्या अवयवावरील संशोधनासाठी! जगातला सर्वांत मोठा सन्मान मिळाला आणि तो घ्यायला जाण्याची मुभा नाही.

स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेड क्रॉसच्या वतीने रशियाकडे मध्यस्थी केली आणि १९१६ साली बारानींची सुटका झाली. स्टॉकहोमला राजाच्या हस्ते त्यांना पारितोषिक मिळाले. ११ सप्टेंबर १९१६ रोजी त्यांनी नोबेल व्याख्यान दिले. पिचकारी, रोग्याची तक्रार, लहानपणीचा बंब, हे सारे त्यांनी त्या व्याख्यानात मोकळेपणाने सांगितले आहे.

घरचे परके, परके घरचे

आता तुम्हाला वाटेल, व्हिएन्नात त्यांचे जंगी स्वागत झाले असेल. झाले उलटेच. तिथल्या काही सहकाऱ्यांनी आरोप केला की बारानींनी आपल्या लेखनात इतरांच्या संशोधनाचे पुरेसे उल्लेख केले नाहीत, दुसऱ्यांच्या विचारांवर त्यांनी आपला इमला उभा केला. वाद चिघळला. कैदेतून सुटून आलेल्या माणसाला हा घाव जिव्हारी लागला.

या वादात दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. बारानींच्या आधी अनेकांनी या विषयावर काम केले होते, हे खरेच आहे. थंड पाण्याने चक्कर येते हे माहीत होते, द्रवाचे तत्त्वही माहीत होते. पण पाण्याचे तापमान, डोक्याची स्थिती आणि डोळ्यांच्या झटक्यांची दिशा या तिन्हींची सांगड घालून, कुठल्याही दवाखान्यात करता येईल अशी परीक्षा रोग्याच्या उशाशी आणली ती बारानींनी. पुढे गुन्नर होल्मग्रेन आणि इतर नामवंत स्वीडिश कानतज्ज्ञांनी त्यांच्या बाजूने जाहीर लेखन केले.

पण तोवर बारानींनी गाव सोडले होते. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाने त्यांना बोलावले आणि १९१७ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, ते बायकामुलांसह तिथे गेले. नवा देश, नवी भाषा, नवे हवामान. आपण परदेशात आलो तेव्हा निदान आपल्यावर कोणी आरोप करून पाठवले नव्हते! उप्सालात त्यांनी कानाचा विभाग सांभाळला, १९२६ मध्ये ते प्राध्यापक झाले. पियानोची आणि शूमानच्या संगीताची आवड त्यांना होती, ती तिथेही सुटली नाही. मुले तिथे वाढली. दोन्ही मुलगे स्वीडनमध्ये वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि मुलगी मानसोपचारतज्ज्ञ होऊन अमेरिकेत गेली. दोन पिढ्यांत तीन देश. आपल्या कितीतरी घरांची हीच कहाणी आहे.

शेवटच्या वर्षांत त्यांना पक्षाघाताचे झटके आले. त्यांच्या साठीनिमित्त गौरवाची तयारी चालू होती. पण साठी पूर्ण व्हायला दोनच आठवडे असताना, ८ एप्रिल १९३६ रोजी, उप्सालात त्यांचे निधन झाले. व्हिएन्नाला ते राहायला परत गेलेच नाहीत.

आज आपल्याला काय उपयोग?

पुष्कळ आहे! सकाळी अंथरुणात कूस बदलली आणि खोली गरकन फिरली, मिनिटाच्या आत थांबली, असा अनुभव आपल्यापैकी काही जणांना, विशेषतः पन्नाशीच्या पुढे, आलेला असेल. या प्रकारचे स्पष्ट वर्णन बारानींनी १९२१ साली एका सत्तावीस वर्षांच्या रुग्ण स्त्रीवरून केले होते. १९५२ मध्ये डिक्स आणि हॉलपाइक यांनी त्याची नेमकी तपासणी सांगितली. कारण असे की आतल्या कानात कॅल्शियमचे अतिसूक्ष्म खडे असतात. ते जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत घरंगळतात आणि डोके हलले की द्रव ढवळतात. एपली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने डोके ठरावीक क्रमाने वळवून हे खडे परत बाहेर काढता येतात. अनेकांना एक-दोन वेळांतच, औषधाशिवाय आराम पडतो. मात्र हे डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. आणि चक्करेबरोबर बोलणे अडखळणे, हात-पाय लुळे पडणे किंवा एकाचे दोन दिसणे असे काही झाले तर वाट न पाहता तातडीने हॉस्पिटल गाठावे.

बारानींची पाण्याची चाचणीही चालूच आहे. हॉलपाइक आणि फिट्झजेरल्ड यांनी १९४२ मध्ये तिची तापमाने ठरवली, ३० आणि ४४ अंश सेल्सियस. आता डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा चढवतात आणि संगणक झटके मोजतो, पण कानात जाते ते पाणी किंवा हवा, थंड आणि गरम. मेंदूमृत्यू झाला की नाही हे ठरवताना भारतासह अनेक देशांत बर्फाचे पाणी कानात घालून डोळे हलतात का ते पाहतात. अवयवदानाच्या निर्णयाआधी होणाऱ्या या तपासणीतही बारानी आहेत.

आणि एक गंमत सांगायची राहिली. १९८३ साली कोलंबिया यानातून स्पेसलॅब ही प्रयोगशाळा अंतराळात गेली, तेव्हा अंतराळवीरांच्या कानावर हीच चाचणी केली गेली. तिथे वजनच जाणवत नाही; जड-हलके नाही, त्यामुळे द्रव खाली-वर होणार नाही आणि डोळेही हलणार नाहीत, असा अंदाज होता. पण डोळे हलले! म्हणजे बंबाचे तत्त्व पृथ्वीवर मोठा वाटा उचलत असले तरी तापमानाचा आणखीही काही परिणाम आतल्या कानावर होतो. बारानींचे स्पष्टीकरण थोडे अपुरे ठरले, त्यांची चाचणी मात्र पक्की राहिली.

१९६० मध्ये तोलाच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, तिला बारानी सोसायटी असे नाव दिले गेले. चक्करेच्या निरनिराळ्या आजारांच्या व्याख्या आज तीच संस्था ठरवते आणि जगभरचे डॉक्टर त्या वापरतात. ताठ गुडघ्याच्या त्या डॉक्टरने एका रोग्याची तक्रार कानाआड केली नाही, म्हणून हे सारे सुरू झाले.

तेव्हा यंदा फुगड्या जरूर घाला, मुलांनाही शिकवा. आणि थांबल्यावर घर फिरायला लागले की त्यांना सांगा, तुमच्या कानामागे एक चिमुकला बंब आहे!

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.